कानोसा

संग्राम शेलारच्या घरी सकाळी चहाच्या आधी आकडा लागायचा. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, न्हाणीघरातूनच ओरडून विचारायचे, आज किती? संग्राम फोन बघून सांगायचा, अठ्ठ्याऐंशी. मग आप्पांचा घसा खुलायचा आणि ते अंगावर पाणी घेता घेता अभंग म्हणायचे. आकडा ब्याऐंशीवर उतरला की अभंग बंद, आणि पाणी नीट तापलं नाही म्हणून सुनेवर चरफड. सून म्हणजे तेजस्विनी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, आणि त्या आकड्याशी आपलं काही देणंघेणं नाही असं दाखवत डबे भरायची. देणंघेणं होतं. तिचं तर सगळंच त्या आकड्यामागं अडून बसलं होतं.

आता हा आकडा कसला, ते सांगायला हवं. संग्राम पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांच्या पात्यांची दुरुस्ती करायचा. दोराला लटकून, भरल्या वाऱ्यात. काम चोख होतं. तिकडं उत्तर समुद्रात ग्रॉनहाव नावाच्या कंपनीनं हजारो चक्क्या उभ्या केल्या होत्या आणि तिकडच्या पोरांना काही आता दोराला लटकायचं नव्हतं. म्हणून कंपनीनं जगभरातनं माणसं मागवली. व्हिसा कंपनी काढणार, राहायची सोय कंपनी करणार. संग्रामनं अर्ज केला, पडद्यावर मुलाखत दिली. मुलाखत घेणारी बाई हसून 'लवकरच कळवतो' म्हणाली आणि गेली ती गेलीच. होय म्हणेना, नाही म्हणेना. यानं विचारणा केली की तीच एक ओळ यायची, आपला अर्ज विचाराधीन आहे. अहो, कुत्र्याला हाड म्हटलं की ते बिचारं निदान दुसऱ्या दारात जातं. याला कुणी हाडसुद्धा म्हणेना.

असं टांगून ठेवलेली माणसं देशात लाखांनी होती. त्यांच्यासाठी पुण्यातल्या काही हुशार पोरांनी 'कानोसा' नावाचं अ‍ॅप काढलं. कल्पना साधी होती. नोकरीचा अर्ज हल्ली माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं. यंत्र बोलत नसलं तरी त्याची चाहूल लागतेच. आपण आपल्या अर्जाचं पान उघडलं की ते समोर यायला क्षणाचा काही भाग लागतो. अर्ज अडगळीत पडलेला असेल तर ते पान खालून ओढून काढावं लागतं, उशीर होतो. नुकताच कुणी चाळला असेल तर चटकन येतं. एकट्या माणसाला हा फरक कळणार नाही. पण एकाच कंपनीच्या दारात उभ्या असलेल्या लाखभर माणसांचे असे क्षण गोळा केले, त्यातल्या कुणाला पुढं नोकरी लागली आणि कुणाला नाही ते त्याच्याशी ताडून बघितलं, की आतलं चित्र दिसायला लागतं. बाजारात बाई टिचकी मारून कलिंगड घेते ना, तसंच. कानोसा दिवसभर अशा टिचक्या मारायचं आणि सांगायचं, उत्तर येण्याची शक्यता शंभरात इतकी. आणि ते खोटं बोलायचं नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. ऐंशीच्या वर आकडा असला तर तुमचा अर्ज खरोखरच तिकडं टेबलावर असायचा.

आपल्याकडं शंभरातला आकडा लोकांना एकाच ठिकाणी कळतो, दहावीच्या निकालात. संग्रामचा आकडा पहिल्यांदा एक्क्याण्णव झाला तेव्हा आप्पा म्हणाले, एक्क्याण्णव म्हणजे डिस्टिंक्शन! जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, त्यांना शक्यता म्हणजे काय ते कोण सांगणार? चारच दिवसांत स्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध संग्राम, मागं विमान, खाली शुभेच्छुकांची ओळीनं तोंडं, आणि वर 'परदेशी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मारुतीच्या देवळापुढं सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. एक माजी सभापती बोलायला उठले आणि तिकडं गेल्यावर मातीला विसरू नकोस म्हणून त्यांनी त्याला पाऊण तास बजावलं. अजून निवड झालेली नाही, हे संग्रामच्या ओठांवर आलं होतं. पण गळ्यात हार पडल्यावर माणूस काय बोलणार? त्यानं हात जोडले. समोर बायकांत बसलेली तेजस्विनी हसत होती, आणि ती इतकी छान दिसत होती की तोही हसला.

त्यानंतर दोन वर्षं गेली. फ्लेक्सचा रंग उडाला. कुणीतरी तो उतरवून सरपणावर झाकायला नेला आणि पाटणच्या सुपुत्रानं एक अख्खा पावसाळा लाकडं सांभाळली. आकडा मात्र ऐंशीच्या खाली कधी गेला नाही, आणि तेच वाईट झालं. तिशीवर असता तर संग्रामनं केव्हाच नाद सोडला असता. त्याच्या इथल्या कंपनीनं त्याला कर्नाटकात सुपरवायझर म्हणून जातोस का विचारलं. तो नको म्हणाला, आता कधीही बोलावणं येईल. तेजस्विनीला शाळेचा चार्ज मिळत होता. तिनं नको म्हटलं, आम्ही तर जाणार. सुरुवातीला तिलाही हौस होती, तिकडची भाषा शिकायला बसायची, दुसरीच्या पोरांना तिकडचे आकडे म्हणून दाखवायची. पुढं ती पुस्तकं माळ्यावर गेली.

आणि बाळ. लग्नाला आठ वर्षं होत आली होती. दुसऱ्याच वर्षी तिनं विषय काढला होता. तेव्हा तो म्हणाला, तिकडं गेल्यावर. गरोदर बायको असली की कंपनी माणूस मागं ठेवते, असं उमेदवारांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. खरं की खोटं देव जाणे, पण संग्रामनं ते घट्ट धरून ठेवलं. तेजस्विनी दर वाढदिवसाला एकदा विचारायची आणि तो तेच उत्तर द्यायचा. माहेरी कुणी खोदून विचारलं तर ती सांगायची, आमचं तिकडचं चाललंय. धाकट्या बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणात तिनं सव्वा महिना बाळाला न्हाऊ घातलं आणि घरी आल्यावर दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. संग्रामला ते कळलं होतं. कळून त्यानं फोन उघडून आकडा बघितला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

त्याचा जोडीदार जावेद मुल्ला. दोघं एकाच दोरावर काम करायचे, दोघांनी एकाच दिवशी अर्ज केला होता. जावेदचा आकडा साठीच्या आसपास रेंगाळायचा. एक दिवस तो भडकला, मसणात जाऊ दे म्हणाला, कानोसा पुसून टाकलं, लग्न केलं आणि कराडला पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानाची पूजा झाली त्याच आठवड्यात ग्रॉनहावचं पत्र आलं. सगळे चाट पडले. संग्रामनं त्याला मिठी मारली, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

पुढं वर्षभरानं जावेदला तिकडं टोळीप्रमुख केलं. माणसं कुठनं कशी येतात ते त्याला आतनं दिसायला लागलं, तेव्हा त्यानं संग्रामला फोन केला. संग्राम पठारावर चक्कीच्या सावलीत डबा खात होता.

"रागावणार नसशील तर सांगतो," जावेद म्हणाला. "तुझा अर्ज मागं पडलेला नाही. पहिल्या दिवसापासनं सगळ्यात वर आहे."

"मग बोलवत का नाहीत?"

"कशाला बोलवतील? तू कुठं जातोयस?"

मग त्यानं नीट उलगडून सांगितलं. तिकडं कायदा असा झाला होता की परदेशी माणसाला कंपनीनं एकदा लेखी उत्तर दिलं, मग ते होय असो की नाही, की त्या मोसमातली एक जागा अडकते. म्हणजे उत्तराला किंमत पडते. गप्प बसायला काही पडत नाही. मग कंपनीच्या यंत्रानं शहाणपणा केला. माणूस कामाला किती चांगला आहे हे ते मोजतंच, पण त्याबरोबर तो उत्तराशिवाय किती दिवस थांबेल हेही मोजतं. तिकडचे लोक त्याला काहीतरी लांबलचक म्हणायचे, जावेद त्याला सरळ 'दम' म्हणायचा. चांगला माणूस असेल आणि त्याला दम नसेल, तर त्याला आधी बोलवायचं, नाहीतर तो हातचा जाईल. चांगला असेल आणि दमही दांडगा असेल, तर त्याला तसाच ठेवायचा. फुकटात राहतो. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, लागेल तेव्हा आहेच.

आणि दम मोजायचा कसा? सत्काराचे फोटो यंत्रानं बघितले होते. आपल्या भागातल्या शेकडो पोरांचे बघितले होते, आणि त्यातनं ते शिकलं होतं की ज्याला गावानं फेटा बांधला तो माघार घेत नाही, तोंड कुठं दाखवणार? पण सगळ्यात पक्की खूण वेगळीच होती. माणूस कानोसा दिवसातनं किती वेळा उघडतो, ही. पुण्याची हुशार पोरं ती माहिती कंपन्यांना विकत होती. तू जेवढ्या वेळा आकडा बघितलास, जावेद म्हणाला, तेवढ्या वेळा त्यांना सांगितलंस की मी इथंच आहे, कुठं जात नाही.

संग्रामनं डबा झाकून ठेवला. त्याला पहिल्यांदा राग आला तो कंपनीचा नाही, पुण्याच्या पोरांचाही नाही. तो चौकातल्या फ्लेक्सवर छाती काढून उभ्या असलेल्या स्वतःचा आला.

मी आज अर्ज मागं घेतो, तो म्हणाला. जावेद हसला. तसं सगळेच करतात, अर्ज मागं घेतात आणि बायकोच्या फोनवरनं बघत बसतात. यंत्राला ते पाठ झालं होतं. घराला रंग दिला, गाडी घेतली, असल्या गोष्टींनाही ते भीक घालत नव्हतं. त्याला दिसायला हवं होतं असं काहीतरी, ज्यातनं माणसाला परत फिरता येत नाही. जावेदनं लग्न केलं होतं, तेही काही नाटक म्हणून नाही. म्हणून तर ते चाललं.

संग्राम त्या दिवशी पठारावरनं उतरताना एवढाच विचार करत होता. परत फिरता येत नाही असं आपल्याकडं काय उरलंय? आणि उत्तर तर सहा वर्षं घरात बसलेलं होतं. अर्ज करतानाच कुटुंबाच्या माहितीला त्यानं संमती दिली होती. बायकोचं दवाखान्यात नाव घातलं की विम्यामार्फत ते तिकडं दिसणार होतं, आणि घरी बाळ येणार म्हणजे हा आता हातचा जाणार, असं यंत्र धरणार होतं. माणूस इतका नालायक असू शकतो का? असू शकतो. सहा वर्षं ताटकळलेला माणूस काहीही असू शकतो.

संध्याकाळी तेजस्विनी स्वयंपाकघरात वह्या तपासत बसली होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि म्हणाला, बास झालं आता, ते तिकडचं सोडून देऊ, आपण बाळाचं बघू. तिच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. ती उठली, कुकर लावला, शिट्टी होईपर्यंत ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. मग वळून तिनं विचारलं, "खरंच?"

"खरंच."

खोटं बोलत होता का तो? त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. खोटं यंत्राला चालत नव्हतं, म्हणून त्याला ते खरं करणं भाग होतं, आणि खरं करता करता ते थोडंफार खरं झालंही होतं. त्यानं तिच्यादेखत कानोसा पुसून टाकलं. आप्पांनी सकाळी न्हाणीघरातून विचारलं तेव्हा तेजस्विनीनंच उत्तर दिलं की आता आकडा बंद. आप्पा दोन दिवस फुरंगटून बसले. पण सुनेला कोरड्या उलट्या सुरू झाल्या तशी त्यांची स्वारी खूश झाली आणि बाजारातनं चिंचा घेऊन आली.

ते महिने चांगले गेले, आणि हे कबूल करायलाच हवं. तेजस्विनी पुन्हा गुणगुणायला लागली. कराडच्या दवाखान्यात नाव घातलं त्या दिवशी संग्रामनं बाहेर येऊन पहिलं काम केलं ते विम्याच्या पानावर नोंद दिसते का बघायचं. दिसत होती. त्याला हायसं वाटलं. आणि सोनोग्राफीत ते धडधडणारं काळीज ऐकलं तेव्हा तो घळाघळा रडला, तेही मनापासून. दोन्ही एकाच माणसानं केलं. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

पाचव्या महिन्यात ग्रॉनहावचं उत्तर आलं. निवड झाली आहे, दीड महिन्यात रुजू व्हावं, कुटुंबाला दोन वर्षांनी आणता येईल. संग्रामनं ते तीनदा वाचलं आणि मोठ्यानं आप्पांना वाचून दाखवलं. आप्पा डोळे पुसत चौकाकडं निघाले, त्यांना त्यानं महत्प्रयासानं थांबवलं. मग तो आत गेला. तेजस्विनी बाळाचं दुपटं शिवत होती. तिनं ऐकलं होतं. तिनं सुई टोचून ठेवली आणि एवढंच विचारलं की आपण तर सोडून दिलं होतं, मग आता कसं आलं?

इथं त्यानं गप्प बसायचं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं एवढं केलं असतं. पण संग्राम जिंकला होता, आणि जिंकलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. चक्कीतला बिघाड कसा शोधला ते नव्या पोरांना सांगावं तसं त्यानं तिला सगळं सांगितलं. जावेदचा फोन, दम म्हणजे काय, कुठलं नाटक चालत नाही, विम्याची नोंद कधी गेली, तिथनं किती दिवसांत दमाचा आकडा उतरला असणार. बोलता बोलता तो हसतसुद्धा होता. मग त्याच्या ध्यानात आलं की ती त्याच्याकडं बघतेय आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

"म्हणजे पाटावर बसून तुम्ही बाळ मागितलंत," ती म्हणाली, "ते कुणाला दाखवायला?"

तो म्हणाला, तसं नाही. तो म्हणाला, नंतर मला खरंच हवं झालं, दवाखान्यात मी रडलो, तू बघितलंस. ते खरं होतं, आणि बोलताना त्याचा त्यालाच ते खोटं वाटलं. आपल्या तिघांच्या भल्यासाठीच केलं, असंही तो म्हणाला.

"सहा वर्षं मी तुम्हाला विचारत होते. तुम्ही नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. मी रडले असते आणि उठून कामाला लागले असते." तिनं दुपट्याची घडी घातली. "तुम्ही जा. इतकं केलंय तर जा. मी वाट बघणार नाही."

रागात आहे, उतरेल, असं त्याला वाटलं. तिचे आईबाप, त्याचे मेहुणे, सगळ्यांना तसंच वाटलं. ती भांडली नाही, रुसली नाही, त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून तिनंच ठेवली. तो गेला त्या दिवशी ती सकाळची शाळा करून आली होती. फाटकापर्यंत आली, जपून जा म्हणाली, आणि गाडी वळायच्या आत घरात गेली.

तिकडं काम तेच होतं, वारा मात्र हाडं फोडणारा. जावेद त्याच्या टोळीचा प्रमुख होता, दोघं रात्री एकत्र जेवायचे. जेवताना संग्राम घरी निरोप पाठवायचा आणि तेजस्विनी उत्तर द्यायची. मुलगी झाली, वजन बरं आहे. नाव इरा ठेवलं. दात आला. शाळेचा चार्ज घेतला, शाळेजवळ मल्हारपेठला वेगळ्या खोल्या घेतल्या, आप्पा रोज येऊन नातीला खेळवतात. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर. तिनं आपणहून कधी काही विचारलं नाही, तुम्ही जेवलात का एवढंसुद्धा नाही. जावेदची बायको त्याला दिवसातनं दहा वेळा फोन करून पिडायची आणि जावेद वैतागायचा. संग्राम ते ऐकत बसायचा.

दोन वर्षं झाली. कुटुंबाला बोलवायचा हक्क मिळाला. आता बोलावणारा तो होता, व्हिसा त्याच्या नावावर निघणार होता. त्यानं बंदराजवळ दोन खोल्या बघून ठेवल्या, खिडकीला पोरीसाठी जाळी बसवून घेतली. मग एका दुपारच्या सुट्टीत, नावेच्या कडेला बसून, त्यानं निरोप लिहिला. चारदा खोडला. माफी मागितली, ती काढून टाकली, पुन्हा घातली. शेवटी लिहिलं: 'माझं चुकलं. तुम्ही दोघी इकडं या. सगळे कागद मी करतो. घाई नाही, विचार करून सांग.'

पाठवला आणि तो थांबायच्या तयारीनं बसला. थांबण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती शाळेतनं येईल, पोरीला भरवेल, मग वाचेल. कदाचित आठवडाभर काही लिहिणार नाही. महिनाही लागेल. महिना तर त्याला चाललाच असता, वर्षसुद्धा चाललं असतं. ती विचार करतेय एवढं कळलं असतं तरी त्याच्यावर तो कितीही दिवस काढायला तयार होता. त्यानं थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतायला घेतला.

फोन वाजला. तिचंच होतं.

'नाही. आम्ही येणार नाही.'

कप अजून अर्धासुद्धा भरला नव्हता. तिनं त्याला जराही ताटकळत ठेवलं नाही.